हंगामाच्या मध्यावरची कलाटणी : कार्लटन फुटबॉल क्लब (२०२३) आणि चाहत्यांच्या वादाची चिकित्सा

सारांश

२०२३ च्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये मेलबर्नचा कार्लटन हा संघ तेराव्या फेरीअखेर अठरा संघांच्या गुणतालिकेत पंधराव्या स्थानी होता. त्यानंतर लागोपाठ नऊ सामने जिंकून त्याने पाचवे स्थान मिळविले आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत मजल मारली. या कलाटणीचे श्रेय नेमके कोणाचे, यावरून चाहत्यांमध्ये झालेल्या वादाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. चाहत्यांचा वाद हा एक प्रकारचा समीक्षाव्यवहारच असतो. मात्र निकाल हाती आल्यानंतर रचलेले स्पष्टीकरण आणि निकालापूर्वीही टिकू शकले असते असे स्पष्टीकरण यांत भेद केल्याखेरीज या व्यवहारास विश्वासार्हता येत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चाहता, कलाटणी, पश्चातबुद्धी, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

साहित्यकृतीला जसा वाचक, तसा खेळाला चाहता. वाचक कृती निर्माण करीत नाही, परंतु कृतीला अर्थ देण्याचे काम त्याच्याकडेच असते. चाहताही मैदानावर उतरत नाही. पण सामना संपला की त्याचा खेळ सुरू होतो. काय घडले, का घडले, कोणामुळे घडले याविषयी तो बोलतो, वाद घालतो, निवाडा देतो. आपल्याकडील समीक्षेने वाचकाच्या प्रतिसादाचा पुष्कळ विचार केला आहे. त्या मानाने चाहत्याच्या प्रतिसादाकडे उथळ गप्पा म्हणून पाहण्याची रीत आहे. ही रीत फारशी समर्थनीय नाही. एखाद्या प्रशिक्षकाची नोकरी, एखाद्या तरुण खेळाडूचे भवितव्य आणि शंभराहून अधिक वर्षे जुन्या संस्थेची धोरणे या गप्पांच्या दबावाखाली ठरत असतात.

प्रस्तुत लेखासाठी निवडलेले उदाहरण आपल्या परिसरातील नाही. क्रिकेटसंबंधीच्या आपल्या वादांत आपण स्वतःच पक्षकार असतो. जो खेळ आपण खेळत नाही, त्याविषयीचा वाद मात्र अलिप्तपणे तपासता येतो. या हेतूने ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील एका हंगामाचा येथे विचार केला आहे.

२. खेळ आणि क्लब : आवश्यक पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. त्याचे लिखित नियम १८५९ मध्ये मेलबर्न येथे तयार झाले. त्याआधीच्या वर्षी टॉम विल्स या क्रिकेटपटूने क्रिकेटपटूंचे शरीर हिवाळ्यातही तंदुरुस्त राहावे यासाठी असा खेळ सुरू करण्याची सूचना जाहीर पत्राद्वारे केली होती. त्यामुळे हा खेळ आजही क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू असतात, चेंडू अंडाकृती असतो आणि तो हातानेही हाताळता येतो. दोन्ही टोकांस चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केल्यास गोल होऊन सहा गुण मिळतात, तर बाजूच्या खांबांमधून गेल्यास एकच गुण मिळतो. सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून शंभर-दीडशे गुण सहज होतात. म्हणून चार-सहा गुणांचा फरक हा या खेळात अगदी निसटता फरक मानला जातो.

२०२३ मध्ये अठरा संघांना साखळीत प्रत्येकी तेवीस सामने होते. त्या वेळी पहिले आठ संघ बाद फेऱ्यांसाठी पात्र ठरत असत आणि सप्टेंबरअखेरीस मेलबर्न क्रिकेट मैदानावर अंतिम सामना होत असे.

कार्लटन हा १८६४ मध्ये स्थापन झालेला क्लब आहे. सोळा विजेतेपदे त्याच्या नावावर असली, तरी त्यांतील शेवटचे १९९५ मधील आहे. २००२ मध्ये खेळाडूंच्या वेतनमर्यादेचा भंग केल्याबद्दल त्यास जबर दंड झाला, नवे खेळाडू निवडण्याचे हक्क गमवावे लागले आणि त्याच वर्षी क्लबच्या इतिहासात प्रथमच संघ तळाला गेला. पुढील काळात प्रशिक्षक येत आणि जात राहिले. ब्रेट रॅटन २०१२ मध्ये, मिक मॅल्टहाउस २०१५ मध्ये, ब्रेंडन बोल्टन २०१९ मध्ये आणि डेव्हिड टीग २०२१ मध्ये पदावरून दूर झाले. यांपैकी मॅल्टहाउस व बोल्टन यांना तर हंगाम अर्ध्यावर असतानाच जावे लागले. वैभवाची स्मृती आणि वर्तमानाची विपन्नावस्था यांच्या ओढाताणीत कार्लटनच्या चाहत्याची मनोवृत्ती घडली आहे. त्याच्या अधीरतेला इतिहास आहे, हे लक्षात घेतल्यावाचून २०२३ मधील वाद समजत नाही.

३. घटनाक्रम

मायकेल व्हॉस यांनी २०२२ च्या हंगामासाठी सूत्रे हाती घेतली. खेळाडू म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता. २००१ ते २००३ अशी सलग तीन विजेतेपदे त्यांनी ब्रिस्बेनचे कर्णधार म्हणून मिळविली होती. त्यांच्या पहिल्या हंगामात कार्लटनने पहिल्या दहापैकी आठ सामने जिंकले. पण पुढील बारांपैकी आठ गमावले. शेवटच्या चारपैकी एक विजयही बाद फेरीसाठी पुरेसा ठरला असता. तो मिळाला नाही. अखेरचा सामना कॉलिंगवूडविरुद्ध अवघ्या एका गुणाने गेला आणि संघ नवव्या स्थानी राहिला.

२०२३ ची सुरुवात रिचमंडविरुद्धच्या बरोबरीने व त्यानंतरच्या तीन विजयांनी झाली. मग घसरण सुरू झाली. आठव्या ते तेराव्या फेरीत ब्रिस्बेन, वेस्टर्न बुलडॉग्स, कॉलिंगवूड, सिडनी, मेलबर्न आणि एसेंडन यांच्याकडून लागोपाठ सहा पराभव पत्करावे लागले. तेरा सामन्यांत चार विजय, आठ पराभव व एक बरोबरी अशी जूनमधील स्थिती होती. प्रेक्षकांचा रोष मैदानावर ऐकू येऊ लागला. प्रशिक्षक बदलावा ही मागणी पुन्हा पुढे आली. क्लबने या वेळी मात्र प्रशिक्षक बदलला नाही.

चौदाव्या फेरीत कार्लटनने गोल्ड कोस्टला ५९ गुणांनी हरविले. त्यानंतर हॉथॉर्न (६०), फ्रीमँटल (५३), पोर्ट ॲडलेड (५०) आणि वेस्ट कोस्ट (७१) यांच्याविरुद्ध मोठे विजय मिळाले. पुढे कॉलिंगवूड (१७), सेंट किल्डा (१९), मेलबर्न (४) आणि पुन्हा गोल्ड कोस्ट (४) हे संघही पराभूत झाले. साखळीतील अखेरचा सामना गमावूनही संघ पाचवा आला आणि २०१३ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. तेथे सिडनीवर सहा गुणांनी व मेलबर्नवर दोन गुणांनी मात केली. मेलबर्नविरुद्धचा निर्णायक गोल ब्लेक एकर्सने अखेरच्या मिनिटात केला. शेवटी अंतिम फेरीपूर्वीच्या सामन्यात ब्रिस्बेनने १६ गुणांनी हरवून ही वाटचाल थांबविली.

४. वादातील चार पक्ष

या कलाटणीची कारणे सांगणाऱ्या चाहत्यांची स्थूलमानाने चार पक्षांत विभागणी करता येते.

पहिला पक्ष संयमवाद्यांचा. प्रशिक्षकाला वेळ दिला, उतावळेपणा टाळला, म्हणून फळ मिळाले असे तो मानतो. दुसरा पक्ष दबाववाद्यांचा. चाहत्यांनी रोष प्रकट केला, प्रशिक्षकाची खुर्ची डळमळली, म्हणूनच संघ खडबडून जागा झाला असे त्याचे म्हणणे. तिसरा पक्ष खेळाडूंना श्रेय देतो. चार्ली कर्नोने साखळीत ७८ गोल करून लागोपाठ दुसऱ्या वर्षी कोलमन पदक मिळविले. वेस्ट कोस्टविरुद्ध त्याने एकट्याने दहा गोल केले. कर्णधार पॅट्रिक क्रिप्स हा २०२२ चा ब्राउनलो पदकविजेता. अशी माणसे संघात असताना प्रशिक्षकाचे कौतुक कशाला, असा या पक्षाचा सवाल आहे. चौथा पक्ष संशयवाद्यांचा. प्रतिस्पर्धी सोपे आले, दैवाने हात दिला. कलाटणी वगैरे काही नाही, असे तो म्हणतो.

या चारही पक्षांच्या हाती तथ्ये एकच आहेत. तेच सामने, तेच गुण, तीच माणसे. भेद आहे तो केवळ निवडीचा व क्रमाचा. एकाच संहितेची अनेक वाचने संभवतात हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. परंतु सर्व वाचने सारखीच ग्राह्य असतात असे त्यावरून सिद्ध होत नाही. कोणते वाचन किती टिकते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

५. पक्षांची चिकित्सा

संशयवाद्यांपासून सुरुवात करणे सोयीचे होईल, कारण त्यांचा दावा गुणतालिकेच्या आधारे पडताळता येतो. नऊ विजयांपैकी पाच विजय हंगामाअखेर चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या व अठराव्या स्थानी राहिलेल्या संघांविरुद्धचे आहेत. उलट आधीच्या सहा पराभवांत ज्यांच्याशी गाठ पडली, त्यांपैकी कॉलिंगवूड पुढे विजेता ठरला, ब्रिस्बेन उपविजेता, मेलबर्न साखळीत चौथा आणि सिडनी आठवा आला. म्हणजे ज्याला आपण ‘पडता काळ’ म्हणतो तो काही अंशी कठीण वेळापत्रकाचा काळ होता आणि ज्याला ‘चढता काळ’ म्हणतो तो काही अंशी सोप्या वेळापत्रकाचा.

येथे संख्याशास्त्रातील एका जुन्या निरीक्षणाचे स्मरण होते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की, टोकाच्या मोजमापांनंतर येणारी मोजमापे साधारणतः सरासरीकडे झुकतात. सहा पराभवांनंतर काहीही न करताही थोडी सुधारणा अपेक्षितच असते. त्या सुधारणेच्या आधी जे काही केले गेले असेल, मग तो रोष असो की संयम, त्यालाच श्रेय मिळते. आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय असे समर्पक नाव आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते. कावळ्याचे चाहते मात्र फांदी त्यानेच मोडली असे म्हणतात.

असे असले तरी संशयवाद्यांचा पक्ष संपूर्णतः मान्य करता येत नाही. पोर्ट ॲडलेडने त्यापूर्वी सलग तेरा सामने जिंकले होते आणि कार्लटनने त्यांना पन्नास गुणांनी हरविले. पुढे कॉलिंगवूड व मेलबर्न यांनाही हरविले. म्हणजे ज्यांच्याकडून मे-जूनमध्ये हार पत्करली होती, त्यांच्याविरुद्धच ऑगस्टअखेरपर्यंत हिशेब चुकता केला. चेंडूसाठीच्या झटापटीतील तीव्रता आणि चेंडू मिळताच तो वेगाने पुढे नेण्याची पद्धत या दोन बाबतींत संघ खरोखर बदललेला होता. केवळ दैवाने एवढे घडत नाही.

दबाववाद्यांचा दावा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत दुर्बळ आहे. आकर्षक यासाठी की, तो चाहत्याला नायकत्व देतो. दुर्बळ यासाठी की, क्लबचाच इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. २०१५ व २०१९ मध्येही रोष होता. त्या वेळी प्रशिक्षक गेले. २०१९ मध्ये पहिल्या अकरांपैकी एकच सामना जिंकल्यावर बोल्टन यांना दूर करण्यात आले आणि हंगामी प्रशिक्षक टीग यांनी उरलेल्या अकरांपैकी सहा जिंकले. तेव्हाही ‘कलाटणी’ हाच शब्द वापरला गेला, टीग यांना कायम करण्यात आले आणि दोन वर्षांनी त्यांनाही निरोप देण्यात आला. प्रशिक्षक बदलला तेव्हाही सुधारणा झाली, बदलला नाही तेव्हाही झाली. तेव्हा बदल हेच कारण किंवा बदल न करणे हेच कारण, असे दोन्ही बाजूंनी ठामपणे म्हणता येत नाही.

संयमवाद्यांचेही येथेच चुकते. जून २०२३ मधील परिस्थितीकडे प्रामाणिकपणे पाहावे. २०२२ मधील त्या चांगल्या सुरुवातीनंतर कार्लटनने पंचवीस सामने खेळले होते. त्यांत आठ विजय, सोळा पराभव आणि एक बरोबरी होती. ही आकडेवारी समोर ठेवून प्रशिक्षक बदलण्याची मागणी करणारा चाहता अविचारी नव्हता. नंतर तो चूक ठरला, एवढेच. चूक ठरणे आणि अविचारी असणे या भिन्न गोष्टी आहेत. आपली वादपद्धती मात्र हा भेद सहसा पाळीत नाही.

खेळाडूंना श्रेय देणारा पक्ष वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ आहे. परंतु कर्नो व क्रिप्स हे त्या सहा पराभवांच्या काळातही संघाचेच होते. २०२१ चा कोलमन पदकविजेता हॅरी मॅके हाही होता. उलट हंगामाच्या उत्तरार्धात दुखापतीमुळे तोच काही सामन्यांना मुकला आणि तरीही संघ जिंकत राहिला. जे कारण दोन्ही काळांत विद्यमान आहे, त्याने दोन काळांतील फरकाचे स्पष्टीकरण होत नाही, हा तर्काचा प्राथमिक नियम आहे.

६. कलाटणी : नाट्याची आणि हंगामाची

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या विवेचनात कलाटणीला महत्त्वाचे स्थान दिले. मात्र ती आधीच्या घटनांतून संभाव्यतेने वा अपरिहार्यतेने निघाली पाहिजे अशी अट घातली. भारतीय नाट्यशास्त्रानेही कथावस्तूच्या आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती व फलागम अशा पाच अवस्था कल्पिल्या आहेत. चाहता हंगामाचे वाचन नेमके याच साच्यात करतो. सहा पराभव हा त्याला विघ्नांचा भाग वाटतो आणि नऊ विजय ही नियताप्ती. परंतु नाटकाला नाटककार असतो, हंगामाला नसतो. नाटकातील विघ्न फलागमासाठीच योजलेले असते. मैदानावरील पराभव कशाहीसाठी योजलेला नसतो.

कार्लटनच्या बाबतीत तर फलागम झालाच नाही. अखेरच्या टप्प्यातील चार निसटत्या विजयांतील फरक होता अनुक्रमे चार, चार, सहा आणि दोन गुणांचा, म्हणजे एकूण सोळा गुणांचा. ब्रिस्बेनविरुद्धचा पराभवही सोळाच गुणांचा. हे चार सामने फिरले असते, तर याच माणसांची कहाणी ‘पुन्हा एकदा निराशा’ या शीर्षकाखाली सांगितली गेली असती. माणसे तीच, मेहनत तीच. विशेषणे तेवढी बदलली असती. पराभवात प्रशिक्षकाचा शांतपणा ‘निष्क्रियता’ ठरतो आणि विजयात तोच ‘धीरोदात्तता’ ठरतो. विशेषणांची ही अदलाबदल म्हणजेच पश्चातबुद्धी होय.

पुढील वर्षांनी हे अधिक स्पष्ट केले. २०२४ मध्ये कार्लटन हंगामाच्या मध्यानंतर दुसऱ्या स्थानी होता. मग घसरत आठव्या स्थानी आला आणि बाद फेरीचा पहिलाच सामना ब्रिस्बेनविरुद्ध हरला. कलाटणी या वेळी उलट दिशेने झाली. २०२५ मध्ये संघ पहिल्या आठांतही नव्हता. २०२३ मध्ये सापडलेली ‘विजयी संस्कृती’ एवढ्यात कोठे गेली, याचे उत्तर ती संज्ञा वापरणाऱ्यांनी द्यावयास हवे.

मराठी वाचकाला याच मेलबर्न क्रिकेट मैदानावरील एक प्रसंग आठवेल. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. त्यानंतर विराट कोहलीच्या अनुपस्थितीत अजिंक्य रहाणेने मेलबर्नला ११२ धावा केल्या, भारताने आठ गडी राखून विजय मिळविला आणि जानेवारी २०२१ मध्ये मालिकाही २-१ अशी जिंकली. तेव्हा रहाणेच्या अबोल स्वभावात आपल्याला नेतृत्वाचे सारे गुण दिसले. २०२२ मध्ये त्याने संघातील स्थान गमावले, तेव्हा त्याच अबोलपणाविषयी आपण कसे बोललो हेही आठवून पाहावे. मेलबर्नचा चाहता आणि आपण यांत फारसे अंतर नाही.

७. समारोप

वरील चिकित्सेवरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) कार्लटनची २०२३ मधील कलाटणी वास्तव होती, परंतु ती एका कारणाने घडली नाही. वेळापत्रक, सरासरीकडे परतणे, खेळण्याच्या पद्धतीतील बदल आणि निसटत्या सामन्यांतील दैव या सर्वांचा तीत वाटा होता.

२) चाहत्यांचा प्रत्येक पक्ष यांतील एकेक वाटा उचलून त्यालाच संपूर्ण कारण मानतो. वादाचा दोष मतभेदात नसून या एकांगीपणात आहे.

३) कोणतेही स्पष्टीकरण स्वीकारण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी : सहाव्या पराभवाच्या संध्याकाळी हे म्हणता आले असते काय? ‘प्रतिस्पर्धी बलाढ्य होते, सहापैकी एकही पराभव चाळीस गुणांहून मोठा नव्हता, अडचण मुख्यत्वे आक्रमणात आहे, पदकविजेते खेळाडू संघात आहेत, म्हणून घाई करू नये’ असे त्या संध्याकाळी म्हणता येत होते. ‘या संघात विजेत्याचे हृदय आहे’ हे मात्र विजयानंतरच म्हणता येते. पहिले विधान समीक्षा आहे; दुसरे केवळ स्तुती.

ही कसोटी खेळापुरती मर्यादित नाही. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात पहिल्या सत्रात तीन विषयांत अनुत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी होता. शिक्षककक्षात त्याच्याविषयी ‘याच्याकडून काही होणार नाही’ असे एकमताने ठरले होते, आणि त्या एकमतात प्रस्तुत लेखकही सामील होता. पुढे तो विद्यार्थी चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला, तेव्हा ‘मुलगा पहिल्यापासून चुणचुणीत होता’ असेही त्याच कक्षात ठरले. दोन्ही वेळा आपण त्या मुलाकडे पाहत नव्हतो. गुणपत्रिकेकडे पाहत होतो. त्याच्या पहिल्या सत्रातील उत्तरपत्रिका कोणी पुन्हा वाचल्या असत्या, तर कदाचित दोन्ही विधाने करावी लागली नसती.

निकालाआधी काय दिसत होते याची नोंद ठेवणे हे कष्टाचे व अनाकर्षक काम आहे. समीक्षकाने, शिक्षकाने आणि चाहत्यानेही ते केले पाहिजे. हंगाम अर्ध्यावर असताना ज्याच्याविषयी निवाडा दिला जातो, त्याचे भवितव्य त्या निवाड्यावर अवलंबून असते. पुढे निवाडा फिरला, तरी गेलेली संधी त्याला परत मिळतेच असे नाही.